मोडक्या चकल्यांचा हिशेब

मराठी शिकवणाऱ्या माणसाने गणिताच्या वाटेला जाऊ नये, हा माझा जुना नियम. दहावीला गणितात पडलेले गुण मी अजून पत्नीलासुद्धा सांगितलेले नाहीत. असे असूनही, एरवी या सदरातून शब्द, माणसे आणि घरगुती भानगडी यांवर लिहिणारा मी, यंदा ऐन दिवाळी अंकात आकड्यांचा विषय घेऊन बसलो आहे. याला कारण आमच्या वहिनींच्या चकल्या.

वहिनींचा फराळाचा गृहोद्योग आहे. सुरुवात झाली ती शेजारच्या बिऱ्हाडाला दहा किलो चकली करून देण्यापासून. आता दसरा झाला की तळमजल्यावरच्या खोलीत पाच बायका कामाला येतात, तीन शेगड्या पेटतात आणि वहिनींचा आवाज एक पट्टी वर चढतो. चकल्या, शेव, अनारसे असे सगळे होते, पण नाव आहे ते चकलीचे. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत असे आईबाप रांग लावून डबे नेतात आणि कुरियरने पाठवतात.

गेल्या वर्षी हंगामाच्या तोंडालाच तिकडून एक छायाचित्र आले. डब्यात चकली नव्हती, चुरा होता. खाली एकच ओळ लिहिलेली, की चकली मागवली होती, भाजणी नव्हे! वहिनींनी ते छायाचित्र मला तीनदा दाखवले. शिवाय रोज तळतानाच मोडणाऱ्या चकल्यांचा प्रश्न होताच. त्या निम्म्या भावाने जातात; तेल, गॅस आणि मेहनत मात्र पुरी लागते.

"भाऊजी, तुम्हाला सुटी आहे ना? मग जरा लक्ष घाला. कोणीतरी हात आखडता घेतंय किंवा घाई करतंय. कोण ते मला शोधून द्या," वहिनी म्हणाल्या.

प्राध्यापकाला कोणी 'लक्ष घाला' म्हटले, की त्याच्या अंगात प्राचार्य संचारतो. मी त्याच दिवशी एक काळा फळा आणून दाराशी लावला. रोज संध्याकाळी प्रत्येकीच्या ताटातून न निवडता पन्नास चकल्या उचलायच्या, त्यांत मोडक्या किती ते मोजायचे आणि आकडा नावासह फळ्यावर लिहायचा. सर्वांत कमी मोड जिची, तिला पन्नास रुपये बक्षीस. सर्वांत जास्त जिची, तिला वीस रुपये दंड. दंडाची रक्कम मी मुद्दामच लहान ठेवली होती. आपण उदार आहोत असे मला वाटत होते.

सोमवारी आजींच्या (त्या पाटावर बसून तळतात, वयाने सर्वांत मोठ्या) पन्नासांत तीन मोडक्या निघाल्या. कोपऱ्यात बसणाऱ्या मावशींच्या नऊ. बाकी तिघींच्या चार, पाच आणि सहा. आजींना बक्षीस, मावशींना दंड. मंगळवारी मावशी चारवर उतरल्या आणि आजी आठवर चढल्या. मी वहिनींना मोठ्या ऐटीत सांगितले, "बघा, दंडाने माणूस सुधारतो आणि बक्षिसाने बिघडतो." बुधवारी मावशी पुन्हा आठ, आजी पाच. या वेळी सर्वांत खाली दोन आकड्यावर खिडकीजवळच्या काकू होत्या. माझा सिद्धांत किंचित डळमळला, पण मी तो सोडला नाही. गुरुवारी मात्र कहर झाला. आजी तेरा, काकू चौदा, दुसऱ्या दोघी दहा आणि बारा, मावशी पंधरा! वहिनींचा संयम सुटला. सर्वांसमक्ष त्या मावशींना नको ते बोलल्या, आणि मी खडूने फळ्यावर पंधराच्या आकड्याभोवती वर्तुळ काढले. ते वर्तुळ काढायला मला कोणी सांगितले नव्हते.

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले आणि काही न बोलता त्या निघून गेल्या. शुक्रवारी आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी वहिनींचे मामा आले. मामांची सारी नोकरी पिंपरीकडच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी हातात सुरी घेतली तरी तिची धार अंगठ्याने तपासल्याशिवाय ते पेरू कापत नाहीत. मला ते 'मास्तर' म्हणतात. मी ते सोसतो. फळ्यासमोर बराच वेळ उभे राहून त्यांनी विचारले, "मास्तर, हे वर्तुळ कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"आणि ती बाई कुठं आहे?"

मी सगळी हकिगत सांगितली. मामा काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरात गेले आणि पांढरी चवळी व लाल चवळी असे दोन डबे घेऊन आले. मुलांकडून चारशे पांढऱ्या आणि शंभर लाल दाणे मोजून घेतले, एका पातेल्यात कालवले आणि आम्हा पाच जणांना ओळीने बसवले. डोळे मिटून प्रत्येकाने पन्नास दाणे काढायचे. लाल दाणा म्हणजे मोडकी चकली. "मनापासून काम करा बरं का! लाल दाणा आला तर खपवून घेणार नाही," असा दमही त्यांनी भरला. माझ्या पुतणीच्या मुठीत आठ लाल आले, पत्नीच्या तेरा, दादाच्या दहा, वहिनींच्या सहा, माझ्या अकरा. मामांनी वहिनींची पाठ थोपटली आणि पत्नीला फैलावर घेतले. दाणे परत टाकून, ढवळून पुन्हा काढायला लावले. आता वहिनींचे अकरा, पत्नीचे सात. "बघा," मामा हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाले, "दंडाने माणूस सुधारतो!"

पुतणी खो खो हसली. मी हसलो नाही.

हा खेळ मामांनी शोधलेला नाही. एडवर्ड्स डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ होते (१९०० ते १९९३), ते आपल्या शिबिरांतून हा प्रयोग करीत. त्यांच्या पेटीत चार हजार मणी असत, त्यांतले आठशे लाल. पन्नास खळग्यांची एक फळी त्या मण्यांत बुडवून वर काढायची, की एका कामगाराचे दिवसाचे काम झाले. श्रोत्यांतूनच सहा जण कामगार म्हणून पुढे बोलवायचे, तपासनीस नेमायचे. आणि मग डेमिंग स्वतः अत्यंत गंभीर चेहऱ्याने मालक होत. लाल मणी कमी आणणाऱ्याला पगारवाढ, जास्त आणणाऱ्याला तंबी आणि शेवटी काही जणांना नारळ. मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी तिथे घाम पुसत उभे राहात आणि पुढच्या खेपेला 'चांगले काम करण्याचा' मनापासून प्रयत्न करीत! पेटीत वीस टक्के लाल मणी घालणारा मालकच आहे आणि कामगाराच्या हाती काही नाही, हे सर्वांच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ जाई.

मला त्या क्षणी माझा फळा आठवला. पण त्याहून जास्त आठवली ती आमच्या महाविद्यालयातील निकालाची बैठक. दरवर्षी विषयवार टक्केवारी पुढे येते. एका वर्षी मराठीचा निकाल तीन टक्क्यांनी खाली आला, म्हणून मी लेखी खुलासा दिला होता. पुढच्या वर्षी तो चार टक्क्यांनी वर गेला, तेव्हा माझे अभिनंदन झाले. दोन्ही वर्षी मी तीच टिपणे वाचून दाखवली होती. तेव्हा तो खुलासा लिहिताना मी रागावलो होतो, आणि आता वीस रुपयांचा दंड लावताना तेच मी दुसऱ्याला करीत होतो.

डॅनिएल कानेमान यांनाही (यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) तरुणपणी इस्रायलच्या हवाई दलात असाच एक वैमानिक-शिक्षक भेटला होता. त्याचे म्हणणे, की मी शाबासकी दिली की पोरगा पुढच्या वेळी बिघडतो आणि झापले की सुधारतो. खरे म्हणजे फार चांगल्या खेपेनंतरची खेप बहुधा सरासरीकडे उतरतेच आणि फार वाईट खेपेनंतरची बहुधा चढतेच, शिक्षक बोलो वा न बोलो. या शिक्षकाचा आणि माझा सिद्धांत एकच निघावा, यात मला थोडे समाधान वाटले हे कबूल करतो.

"पण मामा," वहिनी म्हणाल्या, "चवळीचं ठीक आहे. चकल्या काय डोळे मिटून तळतात? कोणाचं तरी चुकतच असेल की!"

हा प्रश्न रास्त होता, आणि मामांना तो हवाच होता. त्यांनी पुतणीची चौकटीची वही मागवली.

या वहीवर त्यांनी जे काढले त्याचा जन्म १६ मे १९२४ चा. अमेरिकेत बेल टेलिफोनच्या कामाशी निगडित असलेले वॉल्टर शूहार्ट नावाचे एक शास्त्रज्ञ होते. टेलिफोनची यंत्रसामग्री शिकागोजवळच्या हॉथॉर्नच्या अवाढव्य कारखान्यात बनत असे. माल तयार झाला, की तपासनीसांनी तो पाहायचा आणि वाईट तेवढा बाजूला काढायचा, अशी तेव्हाची रीत. म्हणजे आधी बिघडवायचे आणि मग निवडायचे. शूहार्टनी त्या दिवशी आपल्या वरिष्ठांना एक पानभर टिपण पाठवले, त्यात एक साधी आकृती होती. मधे एक रेघ सरासरीची, वर एक आणि खाली एक अशा दोन मर्यादारेषा, आणि रोजच्या तपासणीचे टिपके. बस्स, एवढेच. पुढे १९३१ साली त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, पण मूळ बीज त्या एका पानात होते. आम्हा लेखकांना हे वाचून विचारात पडायला हरकत नाही.

त्या रेघांमागचा विचार असा. कुठलेही काम दोनदा तंतोतंत सारखे होत नाही. या फरकाला दोन तऱ्हेची कारणे असतात. एक कारणे घरचीच असतात. पिठाचा ओलावा, आच, सोऱ्यावरचा हाताचा दाब, हवा अशी पन्नास बारीकसारीक कारणे रोज थोडी इकडे, थोडी तिकडे होतात. त्यांतून आकडा आज चार, उद्या आठ असा खेळत राहतो. दुसरी कारणे पाहुणी असतात. ती एरवी नसतात, एखाद्या दिवशी येतात आणि घर डोक्यावर घेतात. घरच्या कारणांमुळे झालेल्या चढउताराचा जाब एखाद्या माणसाला विचारणे व्यर्थ. पाहुणे कारण आले असताना 'चालायचंच' म्हणून बसणेही तितकेच वाईट. नेमके कुठे शोध घ्यायचा आणि कुठे नाही, हे त्या दोन रेघा सांगतात. त्या फार जवळ आखल्या तर माणूस रोज भुते शोधत फिरेल, फार लांब आखल्या तर चोर घरात शिरला तरी कळणार नाही. शूहार्टनी दोन्ही चुकांची किंमत तोलून, सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर रेघ ओढणे व्यवहारात परवडते, असे ठरवले. ('घरची' आणि 'पाहुणी' हे शब्द माझे आहेत. विद्यापीठाच्या परिभाषेत याहून जड शब्द मिळतील.)

मामांनी आमच्या पहिल्या तीन दिवसांचे पंधरा आकडे घेतले. "वीस-पंचवीस असते तर बरं झालं असतं, पण आहे त्यात भागवू," म्हणाले. बेरीज सत्त्याहत्तर, सरासरी पाचाच्या जरा वर. मग पन्नासला मोडण्याच्या प्रमाणाने गुणले, त्याला पुन्हा न मोडण्याच्या प्रमाणाने गुणले आणि वर्गमूळ काढले. ते आले दोनच्या थोडे वर. त्याची तिप्पट सरासरीत मिळवली, तर वरची रेघ साडेअकरावर आली. खालची शून्याच्याही खाली जात होती, म्हणून ती शून्यावरच टेकवली.

मग त्यांनी टिपके दिले. सोमवार, मंगळवार, बुधवारचे पंधराही टिपके रेघांच्या आत. आजींचे तीन आणि मावशींचे नऊ, दोन्ही आत. "मावशींचे आकडे जरा वरच्या अंगाला आहेत खरे," मामा म्हणाले, "पण तीन टिपक्यांवरून मी कोणाची भाकरी काढणार नाही." आणि मग गुरुवार. पाचांपैकी चार टिपके रेघेच्या पार वर, पाचवा अगदी तिच्या खाली. पानावर ते पाच टिपके वेगळ्याच गावचे दिसत होते.

"मास्तर, तुम्ही पंधराभोवती वर्तुळ काढलंत," मामा म्हणाले. "वर्तुळ काढायचं होतं ते गुरुवाराभोवती. पाचही जणी एकाच दिवशी एकदम बिघडल्या, तर बिघाड बायकांत नसतो. त्या दिवशी नवीन काय होतं?"

वहिनी प्रथम 'काही नाही' म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाजणी दुसऱ्या गिरणीतून आणली होती. आपल्या गिरणीचा पट्टा तुटला होता त्या दिवशी."

डबा उघडून पाहिला. भाजणी चिमटीत घेतली तरी कळण्याइतकी जाड होती. तसल्या पिठाला चिकटपणा कुठून यायचा? चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते. पाहुणे कारण हे असे हाताशीच बसले होते, आणि आम्ही कोपऱ्यातल्या मावशींना धरून बसलो होतो.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे, गुरुवारचं कळलं. पण रोजच्या पाच मोडतात त्यांचं काय? पन्नासांत पाच म्हणजे शंभरात दहा झाल्या!"

खरा कठीण भाग इथून पुढे सुरू होतो. पाहुण्याला घालवणे सोपे. घरच्यांना वळण लावणे अवघड. डेमिंग यांनी आयुष्यभराच्या अनुभवावरून अंदाज बांधला होता, की कामातल्या बिघाडांपैकी सुमारे ९४ टक्के व्यवस्थेच्या पोटातून येतात आणि व्यवस्था बदलण्याचा अधिकार कामगाराला नसतो, तो मालकाला असतो. अमेरिकेत हे ऐकायला फारसे कोणी तयार नव्हते. युद्धात पोळलेल्या जपानने ऐकले. तिथल्या शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघटनेने १९५० साली डेमिंग यांना व्याख्यानांसाठी बोलावले. अभियंत्यांना तर ते भेटलेच, पण कारखान्यांच्या प्रमुखांनाही भेटले. त्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन त्यांनी संघटनेलाच दिले आणि त्यातून १९५१ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९८० साली, जपानी मोटारी आणि दूरचित्रवाणी संच अमेरिकेची बाजारपेठ काबीज करीत असताना, 'जपानला जमते ते आपल्याला का नाही?' अशा अर्थाचा एक माहितीपट तिथल्या दूरचित्रवाणीवर लागला आणि अमेरिकेला आपल्याच घरातल्या या म्हाताऱ्याचा पत्ता लागला. पिकते तिथे विकत नाही, दुसरे काय!

आपल्याकडेही हे बी अगदी लवकर आले होते, हे मला मामांकडून कळले आणि नंतर मी ते पडताळून पाहिले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था काढली. त्यांच्याच निमंत्रणावरून स्वतः शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात, म्हणजे स्वातंत्र्य मिळून अवघे काही महिने झाले असताना, भारतात येऊन हिंडले, कारखानदारांशी बोलले. पुढे १९५० च्या दशकात संस्थेने मुंबईसह ठिकठिकाणी गुणनियंत्रणाची केंद्रे काढली. मामांना त्यांच्या तरुणपणी ज्या साहेबांनी टिपके द्यायला शिकवले, ते अशाच एका केंद्रात शिकून आलेले होते. "पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला कागद दिला आणि म्हणाले, हा भिंतीवर लावायचा तो साहेबासाठी नाही, यंत्रावरच्या माणसासाठी," मामा सांगत होते. पुढे तो कागद साहेबांच्या केबिनमध्येच लागला, हेही त्यांनी सांगितले.

'गुणनियंत्रण' या शब्दावर मराठीचा प्राध्यापक म्हणून मला थोडे बोलू द्या. आपल्या भाषेत 'गुण' हा फार सोशिक शब्द आहे. परीक्षेत पडतात तेही गुण, अंगी असतात तेही गुण, औषधाने येतो तोही गुण आणि पोराने उधळले तर तेही गुणच! त्यामुळे मालाचा दोष दिसला, की आपण लगेच माणसाचे गुण काढू लागतो. शब्दच तसा आहे, मी एकटा काय करणार? मामांना हे ऐकवले तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, शब्दावर ढकलू नका."

शनिवारी सकाळी मामा एका स्टुलावर बसून नुसते बघत राहिले. दुपारी त्यांनी वहिनींना बाजूला घेतले. एक, सगळ्या दिवसाची उकड वहिनी सकाळीच एकदम मळून मोठ्या परातीत ओल्या फडक्याखाली ठेवत. वरचे गोळे मऊ, तळाचे दुपारपर्यंत सुकलेले. सुकल्या गोळ्याची चकली तुटणारच. दोन, मोहन डावाने आणि अंदाजाने. डाव कधी काठोकाठ, कधी अर्धा. मोहन जास्त झाले की चकली तेलात पसरते. आणि तीन, हे मामांनी जरा चाचरत सांगितले, एखादा घाणा बिघडला की वहिनी धावत येऊन लगेच पिठात पाण्याचा हात लावीत. पुढचा चांगला आला, की 'सैल झालं' म्हणून कोरडी भाजणी घालीत. डेमिंग यांचा याही विषयावर एक प्रयोग आहे. खाली नेमाची खूण करायची, वर नरसाळे धरायचे आणि त्यातून गोटी सोडायची. गोटी थोडी इकडेतिकडे पडते. दर वेळी चूक भरून काढायला नरसाळे उलट बाजूला सरकवले, तर गोट्या जास्तच पांगतात! हलवले नाही तर कमी पांगतात.

"म्हणजे सगळी चूक माझीच म्हणा की!" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"चूक नव्हे ग पोरी," मामा म्हणाले, "अधिकार तुझा आहे. परात बदलणं त्या पाच जणींच्या हातात आहे का? तूच सांग."

आता थोडे थोडे पीठ तासातासाने मळले जाते. मोहनासाठी मापाची वाटी आली. घाणा बिघडला की वहिनी मनात रामरक्षा म्हणतात, पण पिठाला हात लावीत नाहीत. दहा-बारा दिवसांत सरासरी दोनवर आली. मामांनी नव्याने हिशेब करून वरची रेघ सहाच्या आसपास ओढली. फळा मी उतरवला. त्याच्या जागी चौकटीचा कागद आहे आणि त्यावर कोणाचे नाव नाही.

राहता राहिल्या मावशी. त्याच शनिवारी संध्याकाळी वहिनी आणि मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, दाराशी तुळस, मुलगा आयटीआयला. त्याच्या फीसाठीच त्या हंगामाचे हे काम धरतात, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हते. वहिनींनी सरळ माफी मागितली. मी प्रस्तावना करू लागलो, भाजणी, गिरणी, साडेअकराची रेघ. मावशींनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"वीस रुपयांचं काही नाही, सर," त्या म्हणाल्या. "पण नाव लिवलंत. येणारं-जाणारं वाचत हुतं."

मी काय बोलणार? वीस वर्षे शब्दांचा धंदा केला, पण तिथे एक शब्द सुचला नाही. चहा झाला. निघताना त्यांनीच विचारले, "सर, तुम्ही मोजताना मोडकी कशाला म्हनता?"

"मोडकी म्हणजे... मोडलेली."

"शेपूट तुटलं तर?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी बोटाने हवेत चकली काढून दाखवली. बाकीच्या जणी शेवटचे टोक आतल्या वेढ्यावर दाबून चिकटवतात. मावशींना त्यांच्या आईने टोक मोकळे ठेवायला शिकवलेले. तळताना, उचलताना ते कधी कधी गळते. चकली मात्र अख्खी राहते. मी अशा चकल्या मोडक्यांत धरल्या होत्या की नाही?

धरल्या होत्या. काही धरल्या होत्या, काही नव्हत्या. ज्या दिवशी मन जसे होते तसे. मोजायला बसण्यापूर्वी 'मोडकी' म्हणजे काय हे ठरवायला हवे, एवढी गोष्ट ना मला सुचली होती, ना वहिनींना. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने व्याख्येशिवाय परीक्षा घेतली होती.

सोमवारी मावशी आल्या आणि आपल्या कोपऱ्यात बसल्या. सगळ्या जणींनी मिळून ठरवले, की वेढा तुटला तर मोडकी, शेपूट तुटले तर नाही. मामांनी ते कागदाच्या माथ्यावर लिहून टाकले. टिपका आता ज्या त्या बाईने आपला आपण द्यायचा असतो.

पहिल्या सोमवारच्या त्या नऊ चकल्यांत शेपटीच्या किती होत्या, हे मी पुष्कळ आठवून पाहिले. कळायला मार्ग नाही. त्या मोडक्या म्हणून घरी आल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा मीच चहाबरोबर खाल्ल्या. चांगल्या खुसखुशीत होत्या.